पट्टी जुनी, साखळी नवी

शहापूर व मुरबाड तालुक्यांत पेट्रोलवर चालणारी करवत, जिला लोक चेनसॉ म्हणतात, आतां बऱ्याच गांवीं दिसूं लागली आहे. राबाचा टहाळ अद्याप कोयत्यानेंच निघतो. परंतु वाऱ्यानें बांधावरचा आंबा आडवा झाला, कीं करवतवाल्याकडे निरोप जातो. सन 1964 च्या वृक्षतोड कायद्यान्वयें आंबा, साग, ऐन, खैर हीं झाडें मालकीच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, हें आमच्यासारख्या दप्तरी माणसास येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. असो. यंत्र आलें, पण त्याची निगा मागें राहिली, ही आमची तक्रार आहे. व तींत पहिले अपराधी आम्हीच आहोंत.

गेल्या वर्षीं म्हशाच्या यात्रेच्या सुमारास आमच्या करवतीवर आम्हीं तिसरी साखळी चढविली. पट्टी, म्हणजे जिला दुकानदार बार म्हणतात ती, व स्प्रॉकेट हीं दोन्ही पहिल्या दिवसाचींच होतीं. करवत धरणारा गडी दोनदां म्हणाला, "भाऊसाहेब, काप तिरका जातोय." साखळी नवी आहे, एवढेंच आम्हीं त्यास ऐकविलें. तिसऱ्या दिवशीं साखळी तुटली व त्याच्या पोटरीस लागून चार टांके पडले. पट्टीचे पैसे वांचले ते आमचे, पाय त्याचा.

साखळी, पट्टी व स्प्रॉकेट हीं एकमेकांस झिजवितात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी नीट बसत नाहीं, धक्के खाते व लवकर ताणते. म्हणून दोन साखळ्या संपल्या कीं स्प्रॉकेट बदलावें; त्यावरील खांच अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेली असेल तर त्याहीपूर्वीं. पट्टीचे काठ झिजून रुंदावले, कीं साखळी खोबणींत एका अंगास कलंडते. परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद व थंड असतां सुताराचा गुण्या पट्टीची बाजू व साखळीचा एक दांता यांस एकदम लावून पाहावा. गुण्या व पट्टी यांत फट दिसली तर काठ शाबूत आहेत. फट नसली तर पट्टीचें आयुष्य सरलें. काठांवर आलेली कोर मात्र चपट्या कानशीनें निघते. तेवढ्यासाठीं पट्टी फेकूं नये. धार लावतांना दर वेळीं पट्टी उलटी बसवावी, म्हणजे एकच काठ झिजत नाहीं; खोबणींतला भुसा व तेलाचें भोंकही साफ करावें. इंजिनाचें जळकें ऑइल फुकट मिळतें म्हणून तेंच साखळीस घालणारे पुष्कळ आहेत. त्यांत धातूचा कीस असतो, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

नवी साखळी घेतांना "अठरा इंची द्या" एवढें सांगून भागत नाहीं. कड्यांचें अंतर, खालच्या जिभांची संख्या व जाडी हीं जुळलीं पाहिजेत. 1.3 मिलिमीटरची साखळी 1.5 च्या खोबणींत शिरते खरी, पण पहिल्या दिवसापासून डुलते. जुनी साखळी दुकानांत घेऊन जाणें उत्तम.

आमच्या मतें पट्टी बदलण्याची वेळ झाली कीं नाहीं, हें करवत धरणाऱ्यानें ठरवावें व खर्च मालकानें द्यावा. कांहीं सभासदांस हें रुचणार नाहीं. गडी उगाच नव्या वस्तू मागतील, असें ते म्हणतात. आमच्या गड्यानें दोनदां तक्रार केली, पण नवी पट्टी त्यानें मागितली नव्हती.