सर्वोच्च न्यायालयानंतर कुठे?

आज 10 डिसेंबर, मानवी हक्क दिन. 2024 साली याच दिवशी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि 15 डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत दगावला. शवविच्छेदन आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण प्राथमिक अहवालात आले. तरीही पोलिसांवर गुन्हा नोंदवला जावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची पायरी चढावी लागली. जुलै 2025 मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ते हरले, हे बरे झाले.

27 ऑगस्ट 1981 रोजी आपल्या शहरात खंडपीठ बसू लागले. त्याआधी मराठवाड्यातल्या अशा आईला मुंबई गाठावी लागत असे. दार जवळ असण्याची किंमत या शहराला कुणी समजावून सांगायला नको.

पण निकाल उलटा लागला असता तर? नेपाळ किंवा श्रीलंकेतल्या आईला आणखी एक दार आहे. देशातले न्यायालयीन मार्ग संपले की ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे स्वतः तक्रार करू शकते. समिती ती सरकारपुढे ठेवते आणि सरकारने सहा महिन्यांत लेखी खुलासा करायचा असतो. समितीचे मत न्यायालयाच्या हुकमासारखे बजावता येत नाही, हे खरे. पण ज्या बाईला ठाण्यात कुणी उभे केले नाही, तिच्या अर्जाला सरकारने उत्तर देणे ही लहान गोष्ट नाही.

नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल मात्र आजही स्वीकारलेला नाही. नेपाळने तो 1991 मध्ये, श्रीलंकेने 1997 मध्ये स्वीकारला. छळविरोधी करारावर आपण 1997 मध्येच सही केली. मान्यता अजून दिलेली नाही.

परक्यांनी आपल्या कारभारात डोकावू नये, हा आक्षेप नेहमीचा. 1946 मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली, तेव्हा त्या सरकारनेही ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ असेच म्हटले होते. दिल्लीने ते मानले नाही आणि योग्यच केले.

मराठवाड्याच्या खासदारांनी संसदेत दोन प्रश्न विचारावेत: छळविरोधी कराराला मान्यता कधी आणि प्रोटोकॉलचा स्वीकार कधी?