दुकान कोणी जगविले?

सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ साली पॅरिसमध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले. इतर प्रकाशक धजेनात, तेव्हा १९२२ मध्ये जॉइसची ‘युलिसिस’ त्यांनीच छापली. पुढे अमेरिकेतील बड्या प्रकाशकाने ती काढली; बाईंच्या पदरी छदामही पडला नाही. बाजाराचा न्याय तो हाच! मंदीत दुकान बुडू लागले, तेव्हा १९३६ मध्ये आंद्रे जीद प्रभृती फ्रेंच लेखकांनी मित्रमंडळ स्थापून वार्षिक वर्गणी जमविली. परभाषेतील हे दुकान तगले ते त्या वर्गणीवर. साहित्यप्रेमाचे गोडवे गाणारे नेमके हेच गाळतात. १९४१ मध्ये बाईंनी जर्मन अधिकाऱ्यास पुस्तक विकण्याचे नाकारले. जप्तीची धमकी मिळताच मित्रांनी काही तासांत सारी पुस्तके वरच्या मजल्यावर हलविली.