माणगावचा पुतळा

बालमित्रांनो, रायगड जिल्ह्यात माणगावला गेलात, तर यशवंत घाडगे यांचा पुतळा जरूर बघा.

यशवंत जवळच्याच पळसगावचे. मराठा पलटणीत नाईक. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण दूर इटलीत लढत होती. १० जुलै १९४४ रोजी समोरून मशीनगन धडधडू लागली. बरोबरचे जवान पडले, कुणी ठार, कुणी जखमी. यशवंत एकटेच धावले. हातगोळा फेकून त्यांनी ती गन बंद पाडली. पण लपलेल्या शत्रूने त्यांना टिपलं. वय अवघं २२!

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर नुसतं नाव कोरलंय.

तुमच्या गावातून कुणी त्या लढाईला गेलं होतं का? आजी-आजोबांना विचारा. नाव वहीत लिहून ठेवा हं!