दप्तर कोण वाचतो, यावर आपला हक्क ठरतो

कामरगावातल्या पोराला नोकरी लागली की गावाचा पहिला प्रश्न असतो, "कशात लागला?" आमच्यातल्या एकाला कंत्राटावर काम मिळालं तेव्हा याचं उत्तर देताना तो अडखळला. पदाचं नाव मोठं, 'डेटा अ‍ॅनालिस्ट'. काम असं की जुन्या दप्तराचे स्कॅन केलेले कागद संगणकावर उघडायचे, त्यातलं नाव, जात, गाव, साल तक्त्यात नीट भरलंय का ते तपासायचं, एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींना जोडायच्या आणि कोणत्या जातीच्या किती नोंदी निघाल्या त्याचा गोषवारा वर पाठवायचा. एक म्हातारे बाबा म्हणाले, "म्हंजे जुने कागदच चायाचे ना बापा? बसून पगार भेटते तं!" तेव्हा आम्हीही हसलो होतो.

आता हसत नाही. त्या खोलीत काय चालतं ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर आमचं ठाम मत झालं आहे की महाराष्ट्रात आज आरक्षणाची अर्धी लढाई मोर्चात नाही, अभिलेख कक्षात लढली जाते आहे. आणि तिथे आपला माणूस जवळजवळ नाही.

आधी कागद काय आहेत ते पाहू. वऱ्हाडात जन्म-मृत्यूची खबर कोतवालानं ठाण्यात पोचवायची, ती कोतवाल बुकात चढायची. बऱ्याच गावांत हा कोतवाल महार होता. म्हणजे ऊन-पावसात पायपीट करून माहिती आणणारा आपला आजा, पण लिहिणारा हात दुसऱ्याचा. त्या हातानं काय लिहिलं? आडनाव नाही. बाळाचं नाव नाही. 'अमुक वल्द तमुक महार यास मुलगा एक' एवढंच. आईचं नाव शोधून सापडणं मुश्कील. आणि बापाचं नाव कसं? पाटलाचा मुलगा असेल तर धोंडजी, आपला असेल तर धोंड्या.

हाच धोंड्या पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात धोंडू होतो, सातबाऱ्यावर असलाच तर धोंडबा, मतदार यादीत धोंडूजी. संगणकाला हे चार वेगळे इसम दिसतात. माणसानं डोकं लावून सांगितलं नाही तर तो 'जुळत नाही' असा शेरा मारतो आणि पुढे जातो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तुच्छतेनं लिहिलेलं नाव आज नातवाच्या अर्जातली 'तफावत' ठरतं! अपमान करणाऱ्यानं अपमान केला, शिक्षा मात्र नातवाला. याला तांत्रिक अडचण म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, ही अडचण पाटलाच्या नातवाला का येत नाही?

आता कायदा बघा. महाराष्ट्राचा २००१ चा जात प्रमाणपत्राचा कायदा सांगतो की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ चा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ चा. पालावर जन्मलेल्या, शाळा न पाहिलेल्या माणसाच्या नातवानं १९६१ चा कागद कुठून आणायचा? आणि कागद असला तरी तो कुठे आहे? आमचा कारंजा भाग आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी अकोला. कारंजा तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यात होतं आणि तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता. म्हणजे एका घराण्याचे कागद कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, अमरावती असे फिरलेले. सोयाबीन सोंगणीची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, चार कचेऱ्यांत 'साहेब नाहीत, उद्या या' ऐकणाऱ्या मायबापाला विचारा जात पडताळणी काय असते ते.

सरकार म्हणेल, दप्तर अफाट आहे, आम्ही कुठे शोधत बसणार? हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं सरकारनंच सिद्ध केलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून साडेअकरा हजार कुणबी नोंदी काढल्या. मग काम राज्यभर नेलं आणि ५० लाखांहून जास्त नोंदी निघाल्याचं जाहीर झालं. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले, स्कॅनिंग झालं, नोंदी लोकांपुढे ठेवल्या गेल्या. आमचं भांडण कोणत्याही गरीब मराठ्याशी नाही. कर्जापायी मरणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख आम्हाला कळतं. आमचा सवाल सरकारला आहे. एका समाजासाठी सरकार स्वतः दप्तर उघडून घरपोच पुरावा देऊ शकतं, तर महार, मांग, चांभार, कैकाडी, पारधी, बेलदार यांच्या वेळीच 'पुरावा तुम्ही आणा' का? तीच कोतवाल बुकं, तीच पानं, तीच स्कॅन केलेली फाईल! कुणबी शब्द शोधताना शेजारच्या ओळीतला महार डोळ्यांना दिसला नाही का? दिसला. पण तो मोजायला सांगितलं नव्हतं.

इथेच डेटा अ‍ॅनालिस्टचं राजकारण सुरू होतं. काय मोजायचं, काय सोडायचं, कोणते शब्द एकाच खान्यात टाकायचे, हे कोणीतरी ठरवतो. आमच्या मित्राला सांगितलं गेलं की जातीचा रकाना 'साफ' कर. त्या रकान्यात महार होतं, म्हार होतं, धेड होतं, हरिजन होतं, १९५६ नंतर बौद्ध आणि नवबौद्ध होतं. तयार यादीत 'बौद्ध' फक्त धर्माखाली, जातीखाली नाही. मग शाळेच्या दाखल्यावर अभिमानानं बौद्ध लिहिणाऱ्या बापाच्या नोंदी कुठे टाकायच्या? त्याला उत्तर मिळालं, "इतरमध्ये टाक." एक बटण, आणि धम्मक्रांतीची पिढी 'इतर' झाली!

हा खेळ नवा नाही. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये झाले २७,८९,५०१. दहा वर्षांत जगानं पाहिलेली ही क्रांती. पण बौद्ध लिहिलं म्हणून हीच माणसं केंद्राच्या अनुसूचित जातींच्या हिशेबातून गळली, आणि ती जागा परत मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. एका रकान्याची किंमत तीन दशकं!

आकडे दुसऱ्यांच्या हातात राहिले तर काय होतं, हे वाशीम जिल्ह्यानं सोसलं आहे. ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आमच्या जिल्हा परिषदेतल्या ओबीसी सदस्यांच्या जागा गेल्या आणि ५ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं. मर्यादा ओलांडली हे एक कारण, ताजी आकडेवारी सरकारनं जमवलीच नाही हे दुसरं. मग बांठिया आयोग आला आणि मतदार यादीतल्या आडनावांवरून ओबीसी मोजले गेले. पवार, जाधव, गायकवाड, शिंदे ही आडनावं किती जातींत आहेत हे कामरगावच्या पानटपरीवरचा माणूस सांगेल! आणि केंद्राचं २०११ चं सर्वेक्षण? महाराष्ट्राच्या यादीत जाती ४९४, सर्वेक्षणात निघाल्या ४ लाख २८ हजारांवर. स्पेलिंग बदललं की नवी जात. मग 'माहिती सदोष आहे' म्हणून ती दडवली. सदोष माहिती दुरुस्त करणं हेच तर या कामाचं नाव आहे!

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, आकड्याला जात नसते. त्यांनी बाबासाहेब वाचावेत. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या मांडायची वेळ आली, तेव्हा संयुक्त प्रांतात एक कोटीहून जास्त असलेले अस्पृश्य प्रांतिक समितीनं सहा लाखांच्या आसपास आणून ठेवले. माणसं मेली नव्हती, फक्त प्रतिनिधित्व द्यायची वेळ आली होती. कोटींचे लाख कसे होतात हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. आणि ते नुसते टीका करून थांबले नाहीत. लंडनला इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात आणि ब्रिटिश म्युझियममध्ये उपाशीपोटी बसून त्यांनी सरकारचे जुने अहवाल उपसले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथात १८३३ पासूनचा कारभार आणि हिशेब तपासून साम्राज्याला त्याच्याच दप्तरातून उघडं पाडलं. आज ज्याला डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणतात ते काम बाबासाहेब शंभर वर्षांपूर्वी करत होते. मग आमची पोरं त्या खुर्चीला घाबरतात कशाला?

दुसरे म्हणतील, जात संपवायची म्हणता आणि जुन्या नोंदी उकरता? होय, उकरतो. पुसलेल्या कागदानं जात संपत नाही, फक्त अन्यायाचा पुरावा संपतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कोतवाल बुकं, दाखल-खारीज रजिस्टरं आणि महसुली दप्तर यातल्या सर्व जातींच्या नोंदींची गावनिहाय सूची सरकारनं तयार करून ग्रामपंचायतीत लावावी. सरकारच्या ताब्यात कागद असताना अर्जदाराला तो आणायला लावू नये. नावाच्या रूपातला फरक, धोंड्या आणि धोंडूजी, हा नकाराचा आधार होऊ नये. बौद्ध नोंदी पूर्वाश्रमीच्या जातीशी जोडाव्यात, 'इतर'मध्ये बुडवू नयेत. अर्जदाराचं खाजगी आयुष्य मात्र कंत्राटदाराच्या हाती मोकळं सोडू नये. जातनिहाय जनगणना तोंडावर आहे, तिचे रकाने कोण ठरवतो हे आधी जाहीर करावं.

आणि मागणी आपल्या समाजाकडेही आहे. विहारात स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, चांगलं आहे. त्यांच्या शेजारी मोडीचा वर्ग लावा. एक्सेल शिकवा, पायथॉन शिकवा. जयंतीच्या डीजेचा एका वर्षाचा खर्च यात टाका. आमच्या मित्राचं कंत्राट संपलं, त्याला परत बोलावलं नाही. पण जाण्याआधी त्यानं 'इतर'मध्ये टाकलेल्या प्रत्येक नोंदीपुढे मूळ शब्द काय होता ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं. उद्या कोणीतरी ती फाईल उघडेल. तो उघडणारा आपला असला पाहिजे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. शिकण्यात आता दप्तर वाचणंही आलं.

जय भीम!