जुन्याला वाट द्या

दसऱ्याचे सोने वाटून झाले की घरोघर शिडी भिंतीला लागते आणि माळ्यावरचा संसार खाली उतरू लागतो. दांडा मोडलेली छत्री, झाकण हरवलेले डबे, बंद पडलेला मिक्सर, धाकट्याच्या मुंजीत उरलेल्या पत्रावळी. दोन दिवस बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. तिसऱ्या दिवशी चकलीची भाजणी दळून येते, आणि मग घाईघाईने सारे पुसून पुन्हा वर चढते! दरसाल हीच यात्रा. माळा झाडला जातो, पण मोकळा काही होत नाही.

याचा बोल बहुधा आपल्यालाच लागतो. 'तुम्हां बायकांच्याने काही टाकवत नाही,' असे पुरुषमंडळी म्हणतात. (त्यांच्या तीन मुक्या रेडिओंबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढायचे नाही.) पण मैत्रिणींनो, मला वाटते, हा प्रश्न लोभाचा नाही, वाटेचा आहे. आपल्या आज्यांच्या घरात अडगळ कमी असे, ती काही त्या विरक्त होत्या म्हणून नव्हे. जुन्या होणाऱ्या प्रत्येक वस्तूची पुढची पायरी ठरलेली असे, म्हणून.

नऊवारी लुगड्याचेच पाहा ना. ते विरले की विरलेला भाग कापून काढायचा, दंड घालायचा आणि आणखी काही महिने नेसायचे. मग त्याची गोधडी. मऊसूत तुकडा बाळंतिणीच्या खोलीत दुपट्याला. उरल्यासुरल्याची फडकी, फडक्याचे पोतेरे, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की चूल होतीच. पितळेचे पातेले फुटले तर ते मोडीत घालून, वर थोडे पैसे देऊन नवे आणायचे. रद्दी वाण्याच्या पुड्यांना जाई. जरीच्या, रेशमी कपड्यांसाठी बोहारीण दारात बसे आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चाले. त्या घासाघिशीत दुपार कशी मजेत जाई! वस्तू जुनी होत असे, पण तिची अडगळ होत नसे.

आज ही साखळी तुटली आहे. पॉलिएस्टरची साडी वर्षानुवर्षे फाटत नाही. नुसती मनातून उतरते. तिचे फडके करावे तर ते पाणी टिपत नाही, पसरवते. चूल गेली, आणि असती तरी असले कापड तिच्यात घालण्यासारखे नाही. बंद पडलेला फोन आणि चार्जरच्या वायरींचे भेंडोळे तर कोणत्याच पायरीवर बसत नाही. मग ते जाते माळ्यावर.

मारी कोन्डो या जपानी बाईंचे आवराआवरीवरचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि जगभर खपले. वस्तू हातात घ्यावी, मन प्रसन्न झाले तर ठेवावी, एरवी आभार मानून निरोप द्यावा, असा त्यांचा सांगावा. आभार मानण्याची कल्पना मला आवडली. पण उलथने हातात घेऊन कोणाचे मन प्रसन्न झाल्याचे ऐकिवात नाही, आणि ते टाकले तर थालीपीठ उलटायचे कशाने? शिवाय निरोप दिलेली वस्तू जाते कुठे, हा आपला खरा प्रश्न राहतोच.

म्हणून शिडी लावण्याआधी वाटा ठरवा. ठेवल्याने वस्तू टिकते, ही आपली समजूत फारशी खरी नाही. लोकरीला कसर लागते, कुकरची रबरी कडी पडल्या पडल्या कडक होते, चपलांचे तळ सुटतात, घड्याळात राहिलेला सेल पाझरून घड्याळच खातो. परिचयातल्या एका बाईंनी लेकाचे सहा स्वेटर नातवासाठी जपले. नातू झाला तेव्हा पेटीतून निघाली ती जाळी! लेकाला आखूड झाले त्याच थंडीत ते दुसऱ्या एखाद्या पोराच्या अंगावर गेले असते, तर सहाही कामी आले असते.

देताना एक पथ्य मात्र हवे. दिवाळीची भेट म्हणून कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती विटकी चादर ठेवणे, हे देणे नव्हे. तो आपला केर तिच्या घरी पोचवणे आहे. धुऊन, बटणे लावून, 'हवे का?' असे विचारून द्यावे, आणि 'नको' म्हणायची तिला मुभा असावी. फोन, वायरी, सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. विजेच्या वस्तूंच्या कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि अशा वस्तूंची वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फुगलेली बॅटरी तर दिवाळीपर्यंतही घरात ठेवू नका. ती पेट घेऊ शकते.

सासूबाईंच्या ट्रंकेला त्यांच्या माघारी हात लावू नये, हे सांगायला नकोच. ती त्यांनी उघडावी, आपण शेजारी बसावे. कोणती चोळी कोणाच्या बारशाची, हे ऐकताना अर्धी ट्रंक त्या आपण होऊन रिकामी करतात, असा माझा अनुभव आहे. उरलेली अर्धी राहू द्या.

आणि कागद! घाई करायची तर ती इथे नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते असल्याच दप्तरांसाठी. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे बावीस खंड झाले. त्यांतली कितीतरी पत्रे लोकांच्या घरांतून धूळ खात पडलेली होती. तुमच्या गठ्ठ्यात पेशव्यांचे पत्र निघेलच असे नाही. पण पणजोबांच्या वाटणीचा कागद निघेल, एखादे खरेदीखत निघेल, आजीच्या हातची लोणच्याची प्रमाणे निघतील. मोडी वाचता येत नाही म्हणून ते काट्यावर घालू नका. वाचून देणारी माणसे आजही मिळतात. तोवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमट धरते. जुनी दप्तरे सुती रुमालात बांधलेली असत. घरात एखादे जुने सुती पातळ उरले असेल, तर ते या कामाला काढा.