गिऱ्हाईक पायी येते, मग रस्ता मोटारीसाठी का?

बाजारपेठेच्या रस्त्यावर मोटारी बंद करण्याची गोष्ट निघाली की आम्हा व्यापाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही." व्यापारी मंडळाची बैठक असो, पालिकेला द्यायचे निवेदन असो की चहाच्या टपरीवरची चर्चा असो, हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते खरे आहे काय, हे कोणी तपासून पाहत नाही. मी तीस वर्षे कापड विकतो आहे. मापल्याशिवाय आम्ही ताग्याला कात्री लावत नाही. मग ज्या गोष्टीवर सगळ्या पेठेचे भवितव्य अवलंबून आहे, ती न मोजता कशी मान्य करायची?

शहरे माणसांसाठी बांधायची की मोटारींसाठी, हा वाद सध्या जगभर चालू आहे. कार्लोस मोरेनो या पॅरिसच्या प्राध्यापकांनी २०१६ मध्ये 'पंधरा मिनिटांचे शहर' ही कल्पना मांडली. घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत शाळा, दवाखाना, दुकान, बाग सगळे मिळावे, असा तिचा अर्थ. २०२० च्या निवडणुकीत पॅरिसच्या महापौर आन हिदाल्गो यांनी ती उचलून धरली. काहींना मात्र यात लोकांच्या फिरण्यावर बंधने घालण्याचा डाव दिसला आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड शहरात त्याविरुद्ध मोर्चाही निघाला.

आपल्या वाचकांना या कल्पनेत नवल वाटू नये. खाली दुकान, वर घर, कोपऱ्यावर मशीद आणि मदरसा, पलीकडच्या गल्लीत शिंपी, रंगारी, बेकरी. आपला मोहल्ला पंधरा नव्हे, पाच मिनिटांचा आहे. पण त्यावर फुशारकी मारण्याचेही कारण नाही. आपल्याकडे माणूस पायी चालतो तो सोयीमुळे नव्हे, नाइलाजाने. फूटपाथ आहे तिथे सामान आहे, सामान नाही तिथे स्कूटर आहे, आणि माणूस गटाराच्या झाकणावरून उड्या मारत चालला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गिऱ्हाईक येते कसे? ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात १९९१ मध्ये दुकानदारांना हेच विचारले गेले. त्यांचा अंदाज होता की शंभरातली ५८ गिऱ्हाइके मोटारीने येतात. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांना विचारल्यावर निघाली ३२. पायी येणारी दुकानदारांच्या अंदाजाने २५ होती, खरी निघाली ४४. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये पुन्हा तेच झाले. दुकानदार म्हणाले ४१ टक्के मोटारीने येतात, निघाले २२ टक्के. हे युरोपातले आकडे आहेत आणि तिथे घराघरात मोटार आहे. आपल्याकडे तर मोटार असलेली घरे थोडी आणि पायी, लोकलने, बसने येणारी जनता अफाट.

हा अंदाज चुकतो का, हेही समजून घेतले पाहिजे. मोटारीने आलेले गिऱ्हाईक दुकानात शिरताच तक्रार करते की जागा शोधता शोधता अर्धा तास गेला. ती तक्रार आपल्या लक्षात राहते. मशीद बंदर स्टेशनवर उतरून चालत आलेली बाई काही बोलत नाही. ती घाम पुसते, बसते आणि ड्रेस मटेरियल दाखवा म्हणते. जो बोलतो त्याचा हिशेब आपण ठेवतो, जी न बोलता पैसे देते तिचा ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सकाळी दहाला दुकानासमोर लागलेली गाडी रात्री नऊला निघते ती बहुधा गिऱ्हाइकाची नसते. ती दुकानदाराची, त्याच्या भागीदाराची, नाहीतर शेजाऱ्याची असते. एक मोटार उभी करायला सव्वाशे-दीडशे चौरस फूट जागा लागते. आपल्या जुन्या बाजारातली कितीतरी दुकाने याहून लहान आहेत. ज्या जागेवर एक दुकान पोट भरते, तेवढी जागा एका बंद मोटारीला दिवसभर फुकट दिली जाते, आणि तरी आपण म्हणतो की पार्किंग नाही म्हणून धंदा बसला.

काही बंधू म्हणतील, लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब मोटारीनेच येते आणि एका दिवसात हजारोंची खरेदी करते. बरोबर आहे. पण हेच कुटुंब मंगलदास मार्केटमध्ये जाते तेव्हा काय करते? आत मोटार जातच नाही. गाडी लांब कुठेतरी ठेवून ते पायी येते आणि गल्ल्यागल्ल्यांतून दिवसभर फिरते. मॉल म्हणजे तरी काय? मोटारी तळघरात ठेवून वर बांधलेला पायी बाजार. तिथे मुलाचा हात सोडून बाई निवांत कपडे पाहते. आपल्या रस्त्यावर मुलाचा हात घट्ट धरलेल्या बाईची नजर आपल्या शोकेसवर नसते, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर असते. उर्दूत जिला बाजाराची रौनक म्हणतात ती थांबणाऱ्या, वळून पाहणाऱ्या माणसांनी येते. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत ती दिसते, आणि ती गर्दी चालणाऱ्यांची असते.

सरकारचा पैसा मात्र उलट दिशेने गेला. जे. जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मोहम्मद अली रोडवर सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २००२ मध्ये सुरू झाला. ज्याला आमच्या बाजारात थांबायचेच नाही, त्याला आमच्या डोक्यावरून फोर्टात नेण्याची ती सोय. २०१० पासून त्यावर दुचाकींनाही मनाई आहे. पुलाखाली बस, टॅक्सी, टेम्पो, हातगाडी, हमाल आणि गिऱ्हाईक तसेच राहिले, वर खांबांनी जागा खाल्ली. चालणाऱ्यांसाठी काही केले तर २००८ मध्ये वांद्र्यापासून स्कायवॉक खुले करायला सुरुवात केली. म्हणजे मोटार जमिनीवर आणि माणूस जिने चढून हवेत! दुकानदाराने विचार करावा, त्याचे गिऱ्हाईक त्याच्या दुकानावरून गेले, दुकानासमोरून गेले नाही.

वास्तविक केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटावी, असे तत्त्व मान्य केलेले आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मरण पावले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो काळबादेवीसह संपूर्ण सुरू झाली. म्हणजे जमिनीखालून आलेले गिऱ्हाईक आता आमच्या पेठेच्या तोंडाशी वर येते. तिथून दुकानापर्यंतचा रस्ता कसा आहे, यावर ते पुन्हा येणार की नाही हे ठरेल.

इतके सांगूनही मी असे म्हणणार नाही की उद्या सकाळी खांब रोवा आणि रस्ता बंद करा. पायी रस्ता करताना लहान व्यापारी आणि कारागीर कसा भरडला जातो, याचीही उदाहरणे आहेत.

दिल्लीचा चांदनी चौक जहाँआरा बेगमने सतराव्या शतकात वसवला. २०२१ मध्ये तिथला फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नवा करून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद करण्यात आला. फरशी आली, बाके आली, रस्ता सुंदर झाला. पण चांदनी चौक हा केवळ फिरण्याचा रस्ता नाही, आजूबाजूच्या कटऱ्यांत कापडाचा ठोक व्यापार आहे. गाठी केव्हा उतरवायच्या, हा तिथे रोजचा प्रश्न झाला. शिवाय देखरेख ढिली पडताच मोटारसायकली पुन्हा घुसू लागल्या, अशी तक्रार तिथल्या व्यापाऱ्यांनीच केली. बोध असा की नुसती बंदी पुरत नाही, मालाची वेळ आणि रोजचा पहारा दोन्ही लागतात.

दुसरे उदाहरण इस्तंबूलचे. तिथला इस्तिकलाल हा मोठा बाजाररस्ता १९९० मध्ये पायी केला गेला आणि जुनी ट्राम पुन्हा धावू लागली. गर्दी लोटली. पण गर्दीबरोबर जागेचे मोलही चढले. १९४४ पासून चालत आलेले 'इंजी' हे मिठाईचे दुकान २०१२ मध्ये त्याच्या जुन्या इमारतीतून बाहेर काढण्यात आले, कारण तिथे नवे व्यापारी संकुल व्हायचे होते. रस्ता सुधारला, बरकत आली, पण ती ज्याने साठ-सत्तर वर्षे गल्ला सांभाळला त्याच्या वाट्याला आली नाही.

आपल्याकडे बहुतेक दुकाने पागडीची आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की आपण विरोधाचे निवेदन देण्याऐवजी अटींचे निवेदन द्यावे. नुसता विरोध करणाऱ्याला कोणी विचारत नाही, योजना मात्र त्याच्याशिवाय होते. अटी अशा असाव्यात :

पहिली, सकाळी दहापूर्वी आणि रात्री दुकाने मिटल्यावर माल उतरवण्याची वेळ ठरवून द्यावी. दिवसा रस्त्याच्या टोकाशी टेम्पोची जागा असावी आणि तिथून हातगाडी व हमालांना मोकळी वाट असावी. दुसरी, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी जाईल एवढी रुंदी कोणीही, आपणसुद्धा, अडवू नये. तिसरी, फेरीवाल्यांना हुसकावू नये. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असले पाहिजेत. त्या समितीने जागा आखून द्याव्यात. चौथी, रस्ता सुधारल्याच्या निमित्ताने जुन्या भाडेकरूला उठवले जाणार नाही, याची लेखी हमी घ्यावी. पाचवी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय आणि म्हाताऱ्यांसाठी बसायची जागा असावी. कापडबाजाराचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक बायका आहेत, पण त्यांच्यासाठी एवढी साधी सोय आपण कधी मागितली नाही.

आणि कायमचे काही करण्याआधी अजमावून पाहावे. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पालिकेने लक्ष्मी रोडवर एक दिवस मोटारी बंद ठेवून पादचारी दिन पाळला आणि पुढच्या वर्षांतही तो केला. साड्या आणि दागिन्यांची ती मोठी पेठ आहे. आपल्या भागातही महिन्यातून एक दिवस असे करता येईल. त्या दिवसाची विक्री आणि नेहमीच्या दिवसाची विक्री समोरासमोर ठेवली की वाद मिटेल.

त्याआधी एक काम आजपासून प्रत्येकाने करावे. गल्ल्याजवळ एक वही ठेवा. आठ दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल देताना एवढेच विचारा : कुठून आलात आणि कसे आलात? पायी, लोकल, बस, टॅक्सी, स्वतःची गाडी असे रकाने पाडा आणि पुढे बिलाची रक्कम लिहा. दहा दुकानांच्या अशा वह्या एकत्र केल्या तर पालिकेच्या साहेबासमोर ठेवायला आपल्याजवळ हिशेब असेल. आज आपल्याजवळ नुसता आवाज आहे.

वही माझे म्हणणे खोटे ठरवो की खरे, जे निघेल ते आपल्या मंडळाने मान्य करावे. पण पार्किंगची मागणी करणारे पुढचे निवेदन सहीसाठी आले, तर सही करण्यापूर्वी आपल्या दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटे उभे राहा आणि पैसे घेऊन येणारी माणसे कोणत्या वाटेने येत आहेत ते पाहा.