उभी गाडी, आजारी गाडी

चांदवडमध्ये दारात जुनी पॅलिओ दिसली की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती?’ दुसरा, ‘विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेल का?’ दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत : दहाच्या आसपास, आणि नाही.

पण ही साधी पॅलिओ नव्हे, १.६ जीटीएक्स आहे. २००१ साली फियाटने पॅलिओ आणली ती कुर्ल्याहून, जिथे पूर्वी पद्मिनी बनायची. सोळा व्हॉल्व्हचं १५९६ सीसीचं इंजिन आणि शंभर अश्वशक्ती, म्हणजे तेव्हाच्या मारुती ८०० च्या दुपटीहून जास्त. जाणकार हिला स्पोर्ट्स कार म्हणायचे नाहीत. पण आमच्यासारख्यांच्या खिशाला झेपणारी स्पोर्ट्स कार ती हीच. जाहिरातीत सचिन असायचा. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला! पुढे २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. म्हणजे फेरारीसुद्धा सेकंडहँड होतेच. सुरतेत तिचं ॲव्हरेज कुणी विचारलं की नाही, देव जाणे.

जुनी वेगवान गाडी पळवल्याने खराब होते, असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते ती उभी राहिल्याने जास्त खराब होते. महिनाभर हलवली नाही की बॅटरी उतरते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, रबराचे बुश कडक होतात. त्यात आमच्याकडे कांद्याची चाळ आणि धान्याची कोठी शेजारीच, त्यामुळे उंदरांची वस्ती कायमची. वायरिंगचं आवरण ही त्यांची आवडती न्याहारी. जो येतो तो वेगळा उपाय सांगतो, कुणी तंबाखू ठेव म्हणतो, कुणी डांबरगोळ्या. उंदीर रोज चालणाऱ्या गाडीत मुक्काम करत नाहीत, एवढंच मला पटलंय.

आमचे मिस्त्री मूळचे ट्रॅक्टरवाले. त्यांनी एकदा टायमिंग बेल्टचं कव्हर काढून बेल्ट दोन बोटांत धरून पिळला. वरून काळाभोर, धडधाकट दिसणाऱ्या पट्ट्यात दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या. ‘दादा, किलोमीटर बघू नका, वय बघा,’ ते म्हणाले. चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळू शकतात आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून बेल्टबरोबर टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलायचा. एवढं खोललंच आहे तर पुन्हा तीच मजुरी कशाला?

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक खूश होतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते वाचावेत : १४१९ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. रेडिएटरमध्ये मात्र बोअरचं पाणी कधीच घालू नये. आमच्याकडचं पाणी किती जड आहे ते हंड्याच्या तळाला विचारा. तीच खपली आत नळ्यांत बसते आणि उन्हाळ्यात काटा लाल रेषेकडे सरकतो. कूलंटचा डबा महाग वाटतो, तोवरच.

पार्ट मिळतात का? फियाटने भारतात स्वतःच्या नावाने गाड्या विकणं केव्हाच थांबवलं. पण हेच इंजिन सिएनात होतं, ॲडव्हेंचरमध्ये होतं. त्यामुळे भंगारात आलेल्या भावंडांवर आमची नजर असते. जे मिळतच नाही ते लेथवाला घडवून देतो, हे तालुक्याच्या गावचं सुख आहे. शोरूम नाही, पण बुश बनवणारा माणूस चहा प्यायला बसलेला सापडतो.

कागदांचं लचांड वेगळं. पंधरा वर्षं उलटली की तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. विमा कंपनीच्या लेखी गाडीची किंमत इतकी कमी, की आकडा घरात मोठ्याने वाचत नाही.

तेव्हा गाडी हलती ठेवण्यासाठी निमित्तं शोधावी लागतात. पहाटे मुंबई-आग्रा रस्ता मोकळा असतो. राहुड घाटात तिसऱ्या गिअरला ती जो आवाज काढते, त्यापुढे ॲव्हरेज-बिवरेज कुणाला आठवतं? मनमाडला स्टेशनवर पाहुण्यांना सोडायचं निघालं की हल्ली भावकीत माझंच नाव आधी येतं. मीही नाही म्हणत नाही. परतीची वाट मात्र थोडी लांबवतो.